तारतम्याचा पेपर

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या पुण्याच्या घरी एक परीक्षार्थी मुक्कामाला होती. घरात परीक्षार्थी असला म्हणजे गाणी बंद, पाहुणे बंद, शेंगा सोलतानासुद्धा आवाज होता कामा नये, हा आमच्या पिढीचा रिवाज. पण ही परीक्षार्थी विलायतेची. माझा पुतण्या गेली कित्येक वर्षं इंग्लंडात लेस्टरला असतो. त्याची ही धाकटी मुलगी. तिला डॉक्टर व्हायचंय. सुट्टीला म्हणून आली खरी, पण सप्टेंबरात परीक्षा, तेव्हा रोज सकाळी पोह्यांची बशी बाजूला सारून ती लॅपटॉप उघडून बसे. आणि गंमत अशी की, अभ्यास करता करता प्रश्न आम्हालाच विचारी.

"आजोबा, समजा तुम्ही मेडिकल स्टुडंट आहात."

"समजलो. पंचावन्न वर्षांपूर्वी होतोच."

"तुमच्याबरोबरचा एक मुलगा कँटीनमध्ये मोठमोठ्यानं एका पेशंटची मजा सांगतोय. पेशंटचं नाव घेऊन. तुम्ही तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर त्याला झापलंत. हे कसं?"

"छान केलं!" स्वयंपाकघरातून आमची सौ. म्हणाली. तिला प्रश्न विचारलेला नव्हता.

"चूक, आजी," नात म्हणाली. "चूक, पण अगदी भयंकर नाही."

मला वाटलं, पोरगी आजीची समजूत घालते आहे. पण नाही. त्या पेपरात उत्तरांच्या चार पायऱ्याच ठरलेल्या आहेत. अगदी योग्य, योग्य, पण आदर्श नव्हे, अयोग्य, पण अगदी भयंकर नव्हे, आणि अगदीच अयोग्य. यांतली तिसरी पायरी ज्या कुणा इंग्रजाला सुचली, त्याला माझा नमस्कार. माझ्या पाऊणशे वर्षांच्या आयुष्यातली बरीचशी कृत्यं कोणत्या खणात ठेवावीत हे मला आजवर कळत नव्हतं. आता खण सापडला! सौ.नेही तो लगेच उचलला. मी बाजारातून आणलेली वांगी उलटीसुलटी करून पाहत ती म्हणाली, "अयोग्य, पण अगदी भयंकर नाहीत."

या पेपराला तिकडे सिच्युएशनल जजमेंट टेस्ट म्हणतात. प्रसंगावधान म्हणावं तर ते साप निघाला किंवा स्टोव्ह भडकला म्हणजे लागतं. हे तसलं नव्हे. मी आपलं मनाशी 'तारतम्याचा पेपर' असं नाव ठेवलं. ब्रिटनमधल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रवेशासाठी २००६ साली एक सामाईक परीक्षा सुरू केली. तिचं सध्याचं नाव यूकॅट. तिच्यात आकडेमोड आहे, उतारे वाचून अनुमान काढणं आहे, आणि २०१३ पासून हा तारतम्याचा भागही गुणांकनात धरला जातो. २६ मिनिटांत ६९ प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला अर्धं मिनिटसुद्धा नाही. एवढ्या वेळात कँटीनमधल्या त्या वाह्यात पोराला झापावं, बाजूला घेऊन समजवावं, की प्राध्यापकांना जाऊन सांगावं, याचा निवाडा करायचा. (बाजूला घेऊन समजवावं, हे उत्तर तुम्हीही दिलं असेल. बरोबर आहे.)

गुण देण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. जाणत्या डॉक्टरांची एक मंडळी आधी बसते आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एकमताने ठरवते. तुमचं उत्तर त्यांच्याशी तंतोतंत जुळलं की पूर्ण गुण, जवळपास गेलं तर थोडे गुण. शेवटी आकडा न देता एक ते चार यांपैकी एक श्रेणी देतात. पहिली उत्तम. चौथी मिळाली तर काही विद्यापीठं दारातूनच परत पाठवतात; काही मात्र या श्रेणीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. तात्पर्य, तारतम्याला किती महत्त्व द्यायचं याबद्दल विद्यापीठांचं स्वतःचंच तारतम्य अजून ठरायचं आहे.

आमच्या वेळी असलं काही नव्हतं. इंटर सायन्सचे मार्क दाखवायचे आणि आत जायचं. आजही आपल्याकडे नीटच्या परीक्षेत १८० प्रश्न आणि ७२० गुण, पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र. वीस लाखांच्या वर मुलं बसतात. बेडकाच्या हृदयाला कप्पे किती हे त्या प्रत्येकाला ठाऊक असतं. माणसाच्या हृदयाबद्दल कुणी विचारत नाही. मात्र आपल्याकडे हा प्रकार अगदीच अनोळखी आहे असंही समजू नका. ज्यांचा मुलगा सैन्यातल्या अधिकारपदासाठी निवडमंडळापुढे जाऊन आला आहे, त्यांना विचारा. तिथे तीस मिनिटांत साठ प्रसंग देतात. जंगलातून जाताना अमुक झालं, रेल्वेच्या डब्यात तमुक झालं, तुम्ही काय कराल? आपल्या शब्दांत लिहा. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ब्रिटिश सैन्याने अधिकारी निवडायला मानसशास्त्रज्ञ बसवले, त्याच रोपाची ही फांदी. जवानांना लढाईवर नेणारा माणूस नुसत्या मार्कांवर निवडत नाहीत. पोट फाडणारा मात्र निवडतात.

या पेपराचा उपयोग होतो का, असं कुणी विचारील. उत्तर बेल्जियममधून आलं आहे. तिथल्या फ्लेमिश भागात १९९७ पासून वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा सुरू झाली. तिच्यात डॉक्टर आणि रोगी यांच्या भेटीचे छोटे चित्रपट दाखवायचे, मध्येच थांबवायचे आणि विचारायचं, आता या डॉक्टरने काय करावं? फिलिप लीवेन्स आणि पॉल सॅकेट या दोघा मानसशास्त्रज्ञांनी त्या मुलांचा पाठपुरावा सोडला नाही. २०१२ साली त्यांनी प्रसिद्ध केलं की, प्रवेशाच्या वेळी ज्यांना या भागात चांगले गुण होते, ती मुलं सात वर्षांनी वॉर्डात काम करताना आणि नऊ वर्षांनी डॉक्टर म्हणून माणसांशी वागताना खरोखरच काहीशी सरस ठरली. फार नव्हे, पण मार्कांवरून जे कळत नव्हतं त्यात भर पडण्याइतकी. सतरा-अठरा वर्षांच्या पोराने पडद्यावरच्या डॉक्टरबद्दल दिलेलं मत नऊ वर्षांनंतरही त्याच्याबद्दल काही सांगतं, हे वाचून मी चष्मा पुसला. मला हे खोटं ठरावंसं वाटत होतं. का, ते पुढे येईलच.

पण कौतुकाबरोबर फजितीही सांगितली पाहिजे. ब्रिटनमध्ये डॉक्टर होऊन पहिल्या नोकरीवर जाताना कोणाला कोणता प्रांत मिळणार, हे ठरवायलाही २०१३ च्या तुकडीपासून हाच पेपर आणला. शंभरांपैकी पन्नास गुण कॉलेजातल्या कामगिरीचे, पन्नास तारतम्याचे. पाच-सहा वर्षं मर मर अभ्यास केला त्याला पन्नास आणि एका सकाळच्या पेपराला पन्नास! पहिल्याच वर्षी उत्तरपत्रिका यंत्राने वाचताना घोळ झाला. मुलांना जागा कळवून झाल्या होत्या. कुणी घरी फोन केले असतील, कुणी पेढे वाटले असतील. त्या जागा मागे घ्याव्या लागल्या आणि फेरतपासणी होऊन नव्याने वाटप झालं. आता चूक कळल्यावर ती उघड कबूल करावी, हे त्या पेपरातलं अगदी योग्य उत्तर. आणि पेपर घेणाऱ्यांनी ते दिलं, एवढं मात्र खरं.

पुढे दहा वर्षं हा पेपर चालला. मुलांवरचा ताण, निरनिराळ्या समाजांतून आलेल्या मुलांच्या गुणांत पडणारं अंतर, एका सकाळीवर सगळं अवलंबून राहणं, अशा तक्रारी वाढत गेल्या. अखेर २०२४ च्या तुकडीपासून त्यांनी पहिल्या नोकरीपुरता तो काढूनच टाकला. त्याच्या जागी काय आणलं असेल? चिठ्ठ्या! संगणक प्रत्येकाला आपल्या मर्जीने एक क्रमांक देतो आणि मुलांची पसंती पाहून जागा वाटतो. गुणांचा संबंधच नाही. या नातीचा थोरला भाऊ त्याच पहिल्या तुकडीतला. त्याला समुद्रापलीकडे नॉर्दर्न आयर्लंड लागलं. पुतण्याने त्या दिवशी मला फोन करून तासभर संगणकाला शिव्या दिल्या. मुलगा मात्र मजेत आहे असं कळतं. गंमत म्हणजे पुढे जनरल प्रॅक्टिसच्या आणि इतर काही शाखांच्या शिक्षणाला जायचं तर हा पेपर पुन्हा दारात उभा असतोच. तिथे त्याचं नाव 'व्यावसायिक पेचप्रसंग'.

आणखी एक बाब आईबापांच्या जिव्हाळ्याची. याच्या शिकवण्या निघाल्या आहेत. चांगलं वागण्याचा क्लास! फी भरा आणि सचोटी शिका. मला आधी हसू आलं. बेल्जियमच्या त्याच संशोधकांना असंही आढळलं की शिकवणी लावलेल्या मुलांचे गुण वाढतात. मग हसू मावळलं. नात सांगत होती, "आजोबा, त्यात युक्त्या असतात. आधी पेशंटची काळजी, मग खरं बोलणं, मग वरच्याला कळवणं, आणि 'काही न करता गप्प बसलो' हे उत्तर जवळजवळ कधीच बरोबर नसतं."

"जवळजवळ कधीच?"

"हो. ते दिसलं की डोळे मिटून सगळ्यात खालचा खण."

मी उठून दुसरा चहा केला.

त्यानंतर दोन दिवसांनी तो प्रश्न आला. बाहेर पाऊस कोसळत होता आणि वीज गेली होती, म्हणून ती मोठ्याने वाचत होती. "तुम्ही ज्युनियर आहात. तुमचे सीनियर ड्यूटीवर आले आणि त्यांच्या तोंडाला दारूचा वास येतोय. तुम्ही काय कराल? आजोबा, हा सोपा आहे. वरच्या डॉक्टरांना लगेच सांगायचं. आजोबा?"

मी म्हणालो, हा प्रश्न मला १९७५ साली विचारला गेला आहे.

तेव्हा मी एका इस्पितळात सर्जरीच्या वॉर्डात हाउसमन होतो. आमचे रजिस्ट्रार हाताने सोनं होते. इतकी देखणी शिवण मी पुढे फार थोड्यांची पाहिली. पण संध्याकाळनंतर घेत असत, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. एका रात्री अकराच्या सुमाराला मंडईतला एक भाजीवाला पोट दुखतं म्हणून आला. ॲपेंडिक्स होतं. रजिस्ट्रारना बोलावणं गेलं. ते आले, दारातच धडपडले आणि मला म्हणाले, "चल, उरकून टाकू." वास मला आला, वॉर्डबॉयला आला, त्या भाजीवाल्यालाही आला असेल. मी खाली मान घालून केसपेपर लिहीत राहिलो.

रात्रपाळीला एक सिस्टर होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या. त्या पुढे झाल्या आणि नम्रपणे म्हणाल्या, "सर, ऑटोक्लेव्ह बिघडलाय. हत्यारं तयार व्हायला दोन तास लागतील. तुम्ही जरा पडा, मी उठवते." ऑटोक्लेव्हला काहीही झालेलं नव्हतं. साहेब ड्यूटीरूममध्ये जाऊन झोपले. सिस्टरनी क्वार्टर्समधून दुसऱ्या युनिटच्या रजिस्ट्रारना बोलावून आणलं, ऑपरेशन झालं, आणि सकाळी साहेबांना सांगितलं, "तुम्हाला इतकी गाढ झोप लागली होती, उठवावंसं वाटेना." भाजीवाला आठवड्याने घरी गेला. जाताना सिस्टरना मेथीच्या दोन जुड्या देऊन गेला.

नात लॅपटॉप मिटून ऐकत होती. मी तिला विचारलं, "आता सांग, तुझ्या त्या जाणत्या मंडळींनी या बाईला कितवा खण दिला असता?"

तिने विचार केला. तीस सेकंदांहून जास्त केला. मग म्हणाली, "अयोग्य, पण अगदी भयंकर नाही."

मला राग आला. मी म्हणालो, त्या बाईने माणूस वाचवला. इंग्लंडात बसून पेपर काढणाऱ्यांना काय ठाऊक आहे, त्या काळच्या सिस्टरचं कोण ऐकून घेणार होतं? तिने तक्रार केली असती तर तिचीच बदली झाली असती. खोटं बोलली हे दिसतं, कुणासाठी बोलली ते दिसत नाही?

"दिसतं ना," ती म्हणाली. "पण आजोबा, मग त्या सरांचं पुढे काय झालं?"

पोरीने नेमकी त्याच जागी बोट ठेवलं.

पुढे झालं ते असं. चार महिन्यांनी पुन्हा रात्रीचं बोलावणं आलं. या खेपेला पेशंट बारा वर्षांचा मुलगा होता, मावळातल्या एका खेड्यातला. बापाने बैलगाडीतून सडकेपर्यंत आणि मग ट्रकमधून आणलेला. पुन्हा ॲपेंडिक्स. पुन्हा तेच साहेब, तोच वास. सिस्टर रजेवर होत्या. त्यांच्या मुलीचं बाळंतपण होतं. ऑटोक्लेव्ह बिघडलाय असं म्हणणारं कुणी नव्हतं. मी होतो. माझी हाउसपोस्ट संपायला दोन महिने होते, आणि पुढच्या जागेसाठी साहेबांचा शब्द लागणार होता. मी हात धुतले आणि रिट्रॅक्टर धरून उभा राहिलो. आतड्याला झालेली इजा त्या रात्री ध्यानात आली नाही. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं. मुलाची आणखी दोन ऑपरेशनं झाली आणि सव्वादोन महिने तो खाटेवर होता. वाचला. त्याचा बाप रोज सकाळी मला हात जोडायचा.

चौकशी झाली नाही. मला पुढची जागा मिळाली. साहेब काही वर्षांनी लिव्हरच्या दुखण्याने गेले, तोवर ऑपरेशनं करत होते.

आता सांगा, तो पेपर जर १९६८ साली मला दिला असता, तर मी काय लिहिलं असतं? बरोबर उत्तर लिहिलं असतं. त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पहिली श्रेणी मिळवली असती. तो पेपर विचारतो, काय करायला हवं. आणि ते मला त्या रात्री रिट्रॅक्टर धरून उभा असतानाही ठाऊक होतं. पेपरात उत्तराला किंमत मोजावी लागत नाही. वरच्याला कळवा असं टिचकी मारून सांगितलं की झालं, कुणाची हाउसपोस्ट जात नाही. म्हणून मला बेल्जियमचे ते आकडे खोटे ठरावेसे वाटत होते. पण मग असंही वाटतं की, पंचवीस वर्षांच्या मला त्या रात्री कुणी सांगितलेलं नव्हतं की असा प्रश्न असतो. शरीरशास्त्राच्या शेकडो नावांच्या तोंडी परीक्षा दिल्या होत्या, आणि हा प्रसंग मात्र पहिल्यांदाच, मध्यरात्री, उत्तर द्यायला अर्धं मिनिट. आधी कधी चार पोरं टेबलाभोवती बसून यावर भांडलो असतो, सिस्टरचं बरोबर की चूक यावर आवाज चढवला असता, तर मी बोललोच असतो असं म्हणत नाही. पण केसपेपर लिहिण्याचं सोंग करणं जड गेलं असतं. आपल्याकडे २०१९ पासून नव्या अभ्यासक्रमात वर्तन, नीती आणि रोग्याशी संवाद यांचे पाठ आले आहेत, ते मला चाळणीपेक्षा जास्त पटतात. पेपराने माणूस निवडता येतो की नाही ते मानसशास्त्रज्ञ पाहोत. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्याने जे काम केलं, त्याला श्रेणी नव्हती.

कारण पन्नास वर्षांत ही हकीकत मी घरात कुणाला सांगितलेली नव्हती. सौ.लासुद्धा नाही. ती केव्हाची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. काही बोलली नाही. रात्री पानात भाकरी वाढताना म्हणाली, "त्या सिस्टरांचं पुढे काय झालं हो?" मला सांगता आलं नाही. मी कधी विचारलंच नव्हतं.

नात ऑगस्टअखेर परत गेली. सप्टेंबरात परीक्षा झाली. निकाल लगेच कळतो. तारतम्यात दुसरी श्रेणी. पुतण्याला पहिली हवी होती, त्याने पुन्हा फोन केला. आता काही विद्यापीठांकडून मुलाखतीचं बोलावणं येईल अशी आशा आहे. तिकडे मुलाखतही एका खोलीत होत नाही. बऱ्याच ठिकाणी आठ-दहा टेबलं असतात, घंटा वाजली की पुढच्या टेबलावर जायचं, आणि प्रत्येक ठिकाणी नवा प्रसंग.

परवा तिचा निरोप आला. "आजोबा, इंटरव्ह्यूत विचारलं तर सिस्टरांची गोष्ट सांगू का?"

मी कळवलं, सांग. पण भाजीवाल्यावर थांबू नकोस, त्या मुलाचीही सांग. आणि रिट्रॅक्टर कुणी धरला होता, तेही.

तिचं उत्तर अजून यायचं आहे. सौ.ने तिच्यासाठी चकल्या नि कडबोळी पार्सलने पाठवली आहेत. यंदा भाजणी जरा जास्त भाजली गेली. योग्य आहेत, पण आदर्श नव्हेत.